न दुखणारं दुखणं

घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, "खुपऱ्या म्हणजे काय हो?" ते लगेच सांगेल. पापणीच्या आतून बारीक बारीक दाणे येत. डोळा खुपे, लाल होई, चिपडं धरी. एका पोराचे डोळे आले की घरातल्या सगळ्या पोरांचे येत. माश्या आणि एकच पंचा, दोघं मिळून रोग पसरवीत. असं वरचेवर झालं की पापणी आत वळे, तिचे केस बुबुळाला घासत, आणि उतारवयात माणूस आंधळा होई.

या खुपऱ्यांच्या मागे आपलं सरकार १९६३ सालापासून हात धुऊन लागलं. साठ वर्षं लागली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की भारतात खुपऱ्या हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही.

मग आज आम्ही खुपऱ्यांचं पुराण कशाला लावलं? त्याचं कारण असं. खुपऱ्या करणारा जो जंतू, त्याच्याच जातीचा एक भाऊबंद माणसाच्या शरीरात दुसऱ्याही जागी राहतो. ती जागा अशी, की तिचं नाव आपण चारचौघांत घेत नाही. लघवीची वाट, बाईच्या गर्भपिशवीचं तोंड, तिथं तो मुक्काम करतो. आणि डोळ्यासारखा खुपत नाही. बहुतेक वेळा काहीच करत नाही असं वाटतं. आतल्या आत मात्र आपलं काम करीत राहतो.

या जंतूचं नाव क्लॅमिडिया. नाव अवघड आहे. तुकडे करून वाचा: क्लॅ-मि-डि-या. झालं.

खरं सांगायचं तर हा धडा लिहायला बसलो तेव्हा आमच्यातच दोन तट पडले. एक म्हणाला, "सासू आणि सून एका दिव्याखाली बसून हे पुस्तक वाचतात. असला विषय यात नको." दुसरा म्हणाला, "सासू आणि सून वाचतात, म्हणूनच हवा." आम्ही दुसऱ्याचं ऐकलं.

आधी नावाची गंमत सांगतो. १९०७ साली युरोपातले दोन शास्त्रज्ञ जावा बेटावर काम करीत होते. खुपऱ्यांचा रोग झालेल्या डोळ्यांतला स्राव त्यांनी माकडांच्या जातीतल्या प्राण्यांच्या डोळ्यांत घातला आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना पेशीच्या मधोमध असलेल्या गाभ्याला लपेटून बसलेलं काहीतरी दिसलं. जणू कुणी घोंगडी पांघरली आहे. ग्रीक भाषेत खांद्यावरच्या पांघरुणाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. धनगर जसा पावसात घोंगडीची खोळ करून निवांत बसतो, तसा हा जंतू. नाव देणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नसेल, पण नाव फार बरोबर पडलं.

आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं आहे. भिंत जशी विटांची, तसं. पुष्कळसे जंतू या विटांच्या फटींत राहतात. क्लॅमिडिया विटेच्या आत शिरतो. आत बसून एकाचे शेकडो होतात. दोन-तीन दिवसांत ती पेशी फुटते आणि नवे जंतू शेजारच्या पेशींत घुसतात. आत दडून बसल्यामुळे शरीराच्या रखवालदारांना तो चटकन सापडत नाही. औषध घेतलं नाही तर तो महिनोन्‌महिने राहतो. वर्षभर, कधी त्याहूनही जास्त.

तो पसरतो कसा? स्त्री-पुरुषांच्या शरीरसंबंधातून. एकाला असला तर दुसऱ्याला होतो. पुरुषाकडून पुरुषालाही होतो. आईला असला तर बाळंत होताना बाळाच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. एवढ्याच त्याच्या वाटा. एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. संडासच्या भांड्यावरून होत नाही. नदीवर एकत्र धुणं धुतलं, एकमेकींची लुगडी नेसली, म्हणून होत नाही. खुपऱ्यांचा जंतू माशीवरून जातो, हा जात नाही. तेव्हा कुणाला हा रोग झाला म्हणून त्याचं पाणी तोडायचं कारण नाही.

आता लक्षणं. इथंच खरी मेख आहे. शंभर बायकांना हा रोग झाला, तर त्यांतल्या सत्तर-पंच्याहत्तर जणींना काहीसुद्धा जाणवत नाही. पुरुषांतही निम्म्यांच्या आसपास तसेच. खाणंपिणं नीट, काम नीट, झोप नीट. ज्यांना जाणवतं त्यांना संबंध आल्यापासून एक ते तीन आठवड्यांनी जाणवू लागतं. बाईला अंगावरून पांढरं किंवा पिवळट जातं, लघवीला जळजळतं, ओटीपोटात दुखतं, दोन पाळ्यांच्या मध्येच किंवा संबंधानंतर लाल जातं. पुरुषाला लघवीच्या तोंडाशी चिकट पाण्यासारखं येतं, आग होते, कधी अंडकोश सुजून दुखतो. परमा म्हणून जो रोग आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक आहे, तो वेगळा. त्यात पू दाट येतो. पण दोन्ही रोग एकाच वेळी असू शकतात. नुसतं पाहून कुणालाही नक्की सांगता येत नाही, मग तो कितीही मोठा वैदू असो.

वैदूवरून आठवलं. एस. टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर जाहिराती पाहिल्या असतील. 'गुप्तरोग, धातू जाणे, खात्रीशीर इलाज.' आता तुम्हांला अक्षरं येतात, म्हणून त्या तुम्ही वाचल्याही असतील. वाचा आणि पुढे चला. शंभर-दोनशेची पुडी हजारांवर जाते आणि जंतू जागच्या जागी राहतो.

तर हे दुखणं न दुखता बसून राहिलं, मग बिघडलं कुठं? बिघडतं ते वर चढल्यावर. गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेला जंतू हळूहळू वर सरकतो. पिशवीच्या दोन बाजूंना दोन बारीक नळ्या असतात. बाईचं बीज या नळीतून येतं. तिथं जंतू पोचला की नळी आतून सुजते. औषध न घेतलेल्या शंभर बायकांपैकी दहा-पंधरा जणींचं असं होतं. सूज उतरली तरी मागे व्रण राहतो. पाटात गाळ साचावा तशी नळी बुजते. दोन्ही नळ्या पार बुजल्या तर दिवस राहत नाहीत. अर्धवट बुजली तर गर्भ पिशवीत न उतरता नळीतच अडकतो. हे फार धोक्याचं. पाळी चुकली आहे, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, कधी खांदाही दुखतोय, असं असलं तर उद्या पाहू म्हणू नका. रात्र असली तरी १०८ नंबरची गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा. आत नळी फुटून रक्त वाहतं आणि बाई दगावते.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू या. घर आम्ही मनानं रचलेलं आहे, पण असं घर तुमच्याही आळीत असेल.

लग्नाला चार वर्षं झाली. नवरा मुंबईला हॉटेलात कामाला. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येतो. मूल नाही. सासू वाईट नाही, पण तिचाही धीर सुटत चाललाय. नवस झाले, उपास झाले, कुणी दिलेला अंगारा झाला. आता पावणेरावळे आले की दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघते. सून चुलीपुढे बसून ऐकते. तिचं ओटीपोट अधूनमधून दुखतं, अंगावरून पांढरं जातं. पण ते काय, बायकांचं असतंच, असं तिची आई म्हणायची. म्हणून ती कुणाला सांगत नाही.

'बायकांचं असतंच.' या दोन शब्दांनी फार नुकसान केलेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ती विलायतेतल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना पाळीच्या किंवा जननमार्गाच्या जागेचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका किती? शंभरात फक्त ८. हे सगळे आजार क्लॅमिडियाचे होते असं नाही, नाना प्रकारचे होते. पण बायका किती मुकाट्यानं सोसतात, हे त्या आकड्यांनी साऱ्या जगाला कळलं.

आपल्या गोष्टीतली सून एके दिवशी आशाताईंशी बोलली. पाण्याच्या हापशावर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बोलली. आशाताई म्हणाल्या, "वहिनी, उद्या माझ्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात चला. मावशींना मी सांगते, की रक्त वाढायच्या गोळ्या आणायच्यात."

तिथं डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं. विचारलं, "मालक कुठं असतात? त्यांना कधी लघवीचा त्रास झाला होता का?"

"मला नाही ठाऊक, बाई."

"त्यांनाही आणा. एकट्या तुम्हांला औषध देऊन उपयोग नाही."

नवरा मे महिन्यात आला. आधी चिडला. "मला काय धाड भरलीय? दवाखान्यात तू जा. मूल तुला होत नाही."

ती म्हणाली, "अहो, बाईंनी दोघांना बोलावलंय. तुम्ही नुसती लघवी तपासायला द्यायची. एवढंच."

तो गेला. पुरुष डॉक्टरांशी एकट्यानं बोलता आलं तेव्हा त्यानं सांगितलं, की दोन-अडीच वर्षांपूर्वी आग होत होती, पाणी येत होतं. औषधाच्या दुकानातून विचारून गोळ्या घेतल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, बाकीच्या गोळ्या टाकून दिल्या. बायकोला कशाला सांगायचं, म्हणून सांगितलं नाही.

इथं थोडं थांबू. वाचणारा म्हणेल, 'बघा, नवऱ्यानंच आणला.' या घरात तसं असेलही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा जंतू मुक्यानं महिनोन्‌महिने राहतो. म्हणून तो आज सापडला तर काल आला, की लग्नाआधी आला, हे तपासणीवरून कळत नाही. कुणी कुणाला दिला हेही कळत नाही. बाईच्या तपासणीत आधी निघाला म्हणून तीच दोषी, असं समजून कितीतरी घरांत मारहाण झाली आहे. तपासणीचा कागद म्हणजे कुणाच्या शीलाचा दाखला नव्हे. अंगात जंतू आहे की नाही, एवढंच तो सांगतो.

तपासणी कशी करतात? पुरुषानं लघवी द्यायची. तासभर आधी लघवी केलेली नसावी, आणि धारेचा पहिला भाग डबीत धरावा. जंतू त्यात असतात. बाईच्या अंगात आतून कापसाची काडी फिरवून घेतात. दुखत नाही. लाज वाटत असेल तर कित्येक ठिकाणी काडी बाईच्याच हातात देतात, तिनं आडोशाला जाऊन स्वतः घ्यायची. २०२० साली करोनाच्या साथीत नाकात काडी घालून तपासत होते ना? त्याच जातीची ही तपासणी आहे. जंतूच्या खुणेचा अगदी बारीक अंश असला तरी यंत्र तो ओळखतं.

मात्र हे यंत्र गावच्या दवाखान्यात नसतं. शहरात, मोठ्या दवाखान्यात असतं, आणि खाजगीत पैसे पडतात. म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यांत बहुधा लक्षणांवरून औषध देतात. ही रीत बरी आहे, गरिबाला औषध लगेच मिळतं. पण हिच्यात एक उणीव आहे, ती आम्ही झाकणार नाही. ज्याला लक्षणच नाही, तो या जाळ्यातून सुटतो. म्हणून घरातल्या एकाला त्रास झाला तर दुसऱ्यानं, त्रास नसला तरी, जायचंच. त्याच वेळी एचआयव्हीची आणि गरमीची म्हणजे उपदंशाची रक्ततपासणीही करून घ्यावी. या आजारानं एचआयव्हीला दार उघडं मिळतं.

औषध सोपं आहे. डॉक्सिसायक्लीन नावाची १०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, ७ दिवस. बाई गरोदर असेल तर ही देत नाहीत. तिला अझिथ्रोमायसिन नावाचं औषध देतात, ते एकदाच, १ ग्रॅम. वर नळ्यांपर्यंत सूज गेली असेल तर औषध जास्त दिवस, साधारण १४ दिवस, आणि जोडीला दुसरी औषधं. परम्याचाही संशय असेल तर त्याचं औषध बरोबरच देतात. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आम्ही नावं अशासाठी छापली, की हातात पाकीट पडलं तर तुम्हांला ते वाचता यावं.

डॉक्सिसायक्लीनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. घेऊन लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननळीत अडकून छातीत जळतं. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नये, नाहीतर औषध नीट लागू पडत नाही. भर उन्हात राबत असाल तर डोक्याला टॉवेल आणि बाह्या लांब, कारण या गोळीनं ऊन बाधतं. आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी गोळ्या सातही दिवस घ्यायच्या. उरलेल्या शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत.

नवरा-बायकोनं एकाच वेळी औषध घ्यायचं, आणि दोघांचं औषध संपेपर्यंत संबंध ठेवायचा नाही. एकदाच घ्यायचं औषध असेल तर ते घेतल्यापासून ७ दिवस ठेवायचा नाही. एकानंच घेतलं तर काय होतं? घराला दोन दारं आहेत, एका दारातून कुत्रं हाकललं, दुसरं दार सताड उघडं. हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असं नाही. देवीसारखं याचं नाही. याला लसही निघालेली नाही. आणि दर वेळी झाला की नळ्यांचं नुकसान वाढतं. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायचं. ज्याचं कामच परगावचं आहे, ज्याला दुसरीकडे संबंध टाळता येत नाही, त्यानं निरोध वापरावा. आम्ही उपदेश करीत बसत नाही. निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

बाळाविषयी एक सांगायचं राहिलं. जन्मल्यावर पाच ते बारा दिवसांत तान्ह्याचे डोळे सुजले, चिकटले, तर काजळ घालू नका. आईचं दूध पिळू नका. डॉक्टरांना दाखवा. बाळाला वरून थेंब घालून भागत नाही, पोटातून औषध लागतं, आणि आईबापांनाही. पुढे एक ते तीन महिन्यांत खोकल्याची उबळ येऊ लागली तरीही हेच.

आता त्या घराचं पुढं काय झालं ते सांगू. दोघांनी औषध घेतलं. नवऱ्यानं गोळ्या मुंबईला नेल्या नाहीत, इथंच थांबून संपवल्या, पगार कापला गेला तरी. नंतर डॉक्टरीणबाईंनी नळ्यांत औषध सोडून फोटो काढायला लावला. डावी नळी बुजलेली निघाली. उजवी उघडी होती. सुनेनं विचारलं, "बाई, गोळ्या घेतल्या ना आम्ही? मग बुजलेली उघडेल का?"

बाई म्हणाल्या, "गोळ्यांनी जंतू मरतो. झालेला व्रण जात नाही. पण दुसरी नळी शाबूत आहे. दिवस राहू शकतील. राहिले की पहिल्याच महिन्यात मला दाखवायला यायचं, गर्भ पिशवीतच आहे ना हे पाहू." मूल होईलच असं त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. नवऱ्याच्या वीर्याचीही तपासणी करून घेतली, कारण मूल न होण्याची कारणं दोघांत असतात. आणि नळी बुजते ती याच आजारानं असंही नाही, क्षयानंसुद्धा बुजते, तेही त्यांनी पाहिलं.

घरी परतल्यावर सासूनं विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?" सून गप्प राहिली. नवराच बोलला, "आये, दुसऱ्या लग्नाची गोष्ट पुन्हा काढायची नाही. दुखणं दोघांचं होतं." एवढंच बोलला. सासूनं पुढं विचारलं नाही. ताट वाढलं.

हे सारं बोलायला घरात कुणी नसेल तर १०९७ नंबरवर फोन करता येतो. फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात या आजारांसाठी वेगळी खोली असते, तिथं तुमची माहिती कुणाला सांगत नाहीत.

आणि दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली की ती घडी घालून कमरेला खोचून घरी आणू नका. पूर्वी अशी चिठ्ठी शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावी लागे, आणि संध्याकाळपर्यंत आळीला कळे. म्हणून कित्येक जणी ती वाटेतच फाडून टाकीत. आता तशी गरज नाही. दवाखान्याच्या ओट्यावर बसा आणि ती स्वतः वाचा. नाव तुमचंच आहे का? गोळी कोणती? सकाळी किती, संध्याकाळी किती, किती दिवस? खाली तारीख असेल, ती पुन्हा यायची. अक्षर लागलं नाही तर परत आत जा आणि विचारा. डॉक्टरांचं अक्षर आम्हांलाही लागत नाही.